अक्काताईंचे चिंचोके

फोन आला तेव्हा साडेपाचला पाच-सात मिनिटं कमी होती. कराडच्या माझ्या दवाखान्यात मी एका बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठं आहे ते चाचपत होते. फोन सुजाताचा होता, कोयनानगरहून. सुजाता म्हणजे अक्काताईंची सून, आणि त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगीही. म्हणून लग्नानंतरही ती सासूला आत्याच म्हणायची. "बाई, आत्या गेल्या," म्हणाली, आणि मग तुटक तुटक सांगत गेली. दुपारी जेवण झाल्यावर अक्काताई जरा पडते म्हणाल्या, नातीला कुशीत घेतलं आणि उठल्याच नाहीत. नात शेजारी जागी होती, पंख्याकडं बघत. मी फोन खाली ठेवला, त्या बाईची तपासणी पुरी केली, बाळ सरळ आहे म्हणून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. मग हात धुवायला बेसिनपाशी गेले आणि तिथंच उभी राहिले. पाणी किती वेळ वाहत होतं कोण जाणे.

अक्काताई मगदूम माझ्याकडं तीस वर्षं नर्स होत्या. माहेर सांगलीपलीकडं, कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याच्या घरात. नवरा कराडजवळच्या साखर कारखान्यात कामाला होता म्हणून त्या इकडं आल्या. तो लवकर गेला, मागं एकच मुलगा, महावीर. त्याला वाढवत त्यांनी माझा दवाखाना सांभाळला, आणि खरं सांगायचं तर मलाही सांभाळलं. मी चिडकी आहे हे कराडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अक्काताईंवर मात्र माझं काही चालायचं नाही. दिवस बुडायच्या आत जेवायचं हा त्यांच्या घरचा नेम, त्यामुळं साडेपाच वाजले की त्यांचा तीन पुडांचा डबा उघडलाच. एकदा मी भडकून म्हणाले होते की आत बाई कळा देतेय आणि तुम्हाला भाकरी सुचते. त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला आणि मला सांगितलं की तिला अजून तासभर आहे, तुम्हीही दोन घास खा, म्हणजे ओरडायला बळ येईल. ती बाई बरोबर तासाभरानं मोकळी झाली. डब्याच्या खालच्या पुडात भाकरी, मधल्यात भाजी. वरच्या पुडात चिंचोके असायचे.

चिंचोक्यांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण अक्काताई म्हटलं की मला आधी तेच आठवतात. काही आजार असे असतात की एकाच जनुकातला बिघाड आईकडूनही येतो आणि बापाकडूनही, आणि दोन्हीकडून आला तरच लेकराला भोवतो. आईबाप स्वतः ठणठणीत असतात. अशा घरातली बाई पुन्हा गरोदर राहिली की आम्हाला तिच्या सगळ्या गोताचा नकाशा काढावा लागतो, कोण कुणाचं, कोण लहानपणी गेलं, कुणाचं लग्न नात्यात झालं. मी कागद पुढं ओढला आणि पेन उघडलं की समोरची सगळी माणसं गप्प. शिराळ्याकडचे एक आजोबा तर सरळ उठून उभे राहिले होते, कागद करू नका म्हणाले, गेलेल्या पोरांची नावं कागदावर चढवायची नसतात. मी वैतागून पेन आपटलं. अक्काताई त्यांना बाहेर चिंचेखाली घेऊन गेल्या. अर्ध्या तासानं मी बघते तर जमिनीवर चिंचोके मांडलेले आणि आजोबा स्वतः बोटानं दाखवतायत की हा नव्हे, तो धाकटा, तो चार वर्षांचा होऊन गेला...

त्या दिवसापासून ती पद्धतच पडली. भिजवून सोललेला पांढरा चिंचोका म्हणजे बिघाड नसलेला माणूस. न सोललेला, अख्खा काळा, तो आजारी. आणि मधोमध फोडून केलेली डाळ, एका अंगानं पांढरी, दुसऱ्या अंगानं काळी, तो आमच्या भाषेतला वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण पदरात बिघाड असलेला. दोन वाहकांचं लग्न झालं की अक्काताई त्या दोन डाळी मुठीत खुळखुळवून टाकायच्या. लहानपणी सगळ्यांनीच असले खेळ खेळलेत, त्यामुळं समजवावं लागायचं नाही. दोन्ही पांढऱ्या पडल्या तर लेकरू मोकळं, एक काळी पडली तर आईबापासारखंच, आणि दोन्ही काळ्या पडल्या तर आजार. मग कुणीतरी हमखास विचारायचं की एक लेकरू आजारी निघालं, आता पुढची तीन तर चांगली होतील ना? त्यावर त्या डाळी पुन्हा उचलायच्या. "चिंचोक्याला आठवण नसती गं बाई. त्यो दर खेपंला नवा पडतो." मी वैद्यकीची इतकी बुकं वाचली, पण इतकं सरळ मला कधी सांगता आलेलं नाही.

पुढं आईच्या रक्तावरून तपासणी आली. पोटातल्या बाळाच्या वारेतले बारीक बारीक कण आईच्या रक्तात उतरतात आणि ते वाचून बाळाच्या जनुकांचा अंदाज घेता येतो. पोटात सुई घालायला नको, तिसऱ्या महिन्यातच आईच्या दंडातून रक्त काढलं की झालं. ही चाळणी आहे, अखेरचा निकाल नाही, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगते. पण आमच्याकडं रक्तावरून बाळाचं कळतं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. भिंतीवर लिंगनिदान होत नाही म्हणून पाटी आहे, त्या पाटीखाली बसूनच सासवा विचारतात, मुलगा आहे का तेवढं सांगा. मला आता त्यांचा रागही येईनासा झालाय, नुसता थकवा येतो. अक्काताई मात्र शेवटपर्यंत थकल्या नाहीत. पोरगा असला आणि मान न धरणारा असला तर चालंल का, असं त्या त्यांनाच उलट विचारायच्या.

आणि याच बाईनं स्वतःच्या मुलासाठी भावाची मुलगी केली.

आमच्या भागात मामाची मुलगी ही हक्काची. बाहेरची मुलगी आणायची तर घरातल्यांना चार कारणं द्यावी लागतात, मामाची आणायला एकही लागत नाही. महावीर कोयनेच्या वीजघरात नोकरीला लागला, सुजाताचं शिक्षण झालं, आणि अक्काताईंनी भावाच्या, नेमगोंडाच्या, घरी जाऊन नारळ ठेवला. त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं की आधी दोघांचं रक्त तपासून घेऊ या. ओठांवर आलं होतं. पण त्या इतक्या खुशीत होत्या, आणि नात्यातली कितीतरी लग्नं सुखरूप पार पडतात, हेही खरं. मी त्या लग्नाला सांगलीला गेले, पंगतीत बसले, दोन लाडू जास्तीचे खाल्ले आणि घरी आले. चिंचोके कुणी मांडले नाहीत, त्यांनीही नाही आणि मीही नाही. लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या आम्ही दोघी त्या दिवशी मूग गिळून बसलो.

पहिला मुलगा झाला, पार्श्व. गोरा, टपोऱ्या डोळ्यांचा. चौथा महिना सरला तरी मान धरेना. अक्काताईंना माझ्याआधी कळलं होतं, एवढी लेकरं त्यांच्या हातांवरून गेलेली. तपासण्या झाल्या, मणक्यापासचा स्नायूंचा आजार निघाला, एका जनुकातला, दोन्हीकडून आलेला. औषधं आहेत, पण ती आमच्यासारख्यांच्या हाताला लागेपर्यंत पोर कुठं थांबतंय... नवव्या महिन्यात पार्श्व गेला. कोयनानगरच्या त्या वसाहतीत, पावसाळी हवेत, एवढंसं गाठोडं घेऊन पुरुषमाणसं गेली आणि बायका अंगणात बसून राहिल्या. तिथं महावीरच्या चुलत घराण्यातली एक बाई म्हणाली की हे पोरीनं माहेराहून आणलं. सुजाताचे वडील, नेमगोंडा, पायरीवर बसले होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी बहिणीकडं बघितलं, तिनं काहीतरी बोलावं म्हणून. अक्काताईंनी मान खाली घातली. ते पाणीही न पिता उठले, सांगलीकडं निघून गेले, आणि दोन वर्षं बहिणीच्या दारात आले नाहीत, तिला दारात बोलावलंही नाही. हे सगळं मला अक्काताईंनीच सांगितलं, माझ्या खोलीत, दार लावून घेऊन. "मला ठावं हुतं बाई, ह्ये दोनीकडनं येतं. मी शंभर घरांत सांगितलंय. माझ्याच अंगणात माझी जीभ उचलली न्हाई."  त्या लग्नातले दोन जास्तीचे लाडू माझ्याही पोटात होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवसांत केली, ती पुढं अंगाशी आली. त्यांच्या माहेरात म्हणायचे की लहान लेकरू गेलं की त्याची चीजवस्तू घरात ठेवू नये, मागचं पुढच्याला ओढतं. पार्श्वची दुपटी, कुंची, चांदीचे वाळे, जावळाची पुडी, वाळलेली नाळ घालून गळ्यात बांधलेला ताईत, सगळं त्यांनी एका पंचात बांधलं आणि कराडला येऊन कृष्णा-कोयनेच्या संगमात सोडलं. सुजाता ताईत मागत होती, तेवढा तरी राहू द्या म्हणत होती. तिलाही दिला नाही. तिच्या भल्यासाठीच चाललंय असं त्यांना मनापासून वाटत होतं, यात शंका नाही.

दोन वर्षांनी सुजाताला पुन्हा दिवस गेले. ती माझ्यापुढं येऊन बसली तेव्हा तिचे हात मांडीवर उलटे पडले होते, तळवे वर. मला पोटात सुई नको, असं तिनं आधीच सांगून टाकलं. सुईनं पोर जाण्याची भीती कितीशी थोडी असते हे मी समजावलं, पण तिच्या डोळ्यांत एकच दिसत होतं की या पोराला माझ्या हातानं धक्का लागायला नको. तेव्हा आईच्या रक्ताची तपासणीच करायची ठरली. मी प्रयोगशाळेला फोन लावला. तिथली मुलगी हुशार होती, तिनं नीट समजावलं. आईबाप दोघंही वाहक, त्यात जवळच्या नात्यातले, त्यामुळं आईच्या रक्तातून बाळाचं वाचणं अवघड जातं, म्हणून पहिल्या बाळाचा नमुना हवा. त्याच्याशी जुळवून बघता येतं. पार्श्वचं उरलेलं रक्त नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट केलेलं होतं. केस चालतील का, मी विचारलं. मुळासकट असतील तर चालतील. नाळेचा तुकडा? तोही बघू म्हणाली.

मी फोन ठेवून मागं वळले तर अक्काताई दारात उभ्या होत्या. सुजाता त्यांच्याकडं बघत होती. तिनं ओरडायला हवं होतं, मी असते तर आकाशपाताळ एक केलं असतं. ती नुसती बघत राहिली... अक्काताई भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. त्या दिवशी साडेपाचला डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचाच फोन आला. एक वाट आहे म्हणाली. बाळाच्या बापाला बिघाड ज्या आजीकडून आला आणि आईला ज्या आजोबांकडून आला, त्या दोघांचं रक्त मिळालं तर त्यावरूनही जुळवता येईल. म्हणजे अक्काताई आणि नेमगोंडा. अक्काताईंचं रक्त मी तिथल्या तिथं काढलं, तपासून घेतलं, आणि त्या वाहक निघाल्या. कागद हातात दिला तर त्यांनी वाचलाही नाही, घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला. राहिला भाऊ. फोन केला तर तो उचलत नव्हता. सुजातानं केला तर म्हणाला की तुला पायजे तर माझा जीव घे पोरी, पण तिच्या दवाखान्याची पायरी मी चढणार न्हाई. आणि आपल्या इथं कुणी रक्त काढायला आलं तर दारातनं परत पाठवीन, माझ्या घरात दोष शोधायला कुणी यायचं न्हाई. दिवस जात होते, तिसरा महिना संपत आला होता. अक्काताई म्हणाल्या, बाई, गाडी काढा.

आम्ही दोघी निघालो. पेठ नाक्यावरून सांगलीच्या रस्त्याला लागलो, दोन्ही अंगाला ऊस, पुढं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, मी मागं अडकून शिव्या घालतेय आणि शेजारी अक्काताई डबा मांडीवर धरून बसलेल्या. घरी पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. नेमगोंडा पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत. त्यांच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं, शेजारचे दोन-तीन भावकीतले लोक काय चाललंय ते बघायला येऊन टेकले. मला वाटलं होतं अक्काताई रडतील, हात जोडतील. त्या भावाच्या पायांपाशी फरशीवर मांडी घालून बसल्या, डब्याचं वरचं पूड उघडलं आणि एक फोडलेली डाळ काढून समोर ठेवली.

"ह्यो माझा," त्या म्हणाल्या.

मग दुसरी डाळ ठेवली. "ह्यो तुझा, नेमू. आपल्या दोघांला एकाच घरातनं आलाय, आईकडनं का आप्पांकडनं ते त्येंच्यासंगट गेलं. माझ्याकडनं म्हावीरला, तुझ्याकडनं सुजाताला." त्याखाली दोन डाळी मांडल्या, आणि त्या दोन डाळींच्या खाली एक अख्खा काळा चिंचोका. त्याच्यावरून त्यांनी बोट उचललं नाही. "पोरीनं काय आणलं न्हाई. आणलं आसंल तर मी बी आणलंय. त्या दिशी अंगणात ह्ये मी बोलायला पायजे हुतं. बोलले न्हाई. ताईतबी मीच पाण्यात सोडला. आता तिच्या पोटातलं कसं हाय ते बघायला तुजं रगत लागतंय." एवढं बोलून त्या थांबल्या.  मी दारापाशी रक्ताच्या नळ्यांची पिशवी धरून उभी होते आणि मला बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

नेमगोंडांनी त्या काळ्या चिंचोक्याकडं बघितलं. मग त्यांनी दाराबाहेर बघितलं. ऊन उसाच्या शेंड्यांवर आलं होतं.

"दिवस बुडायलाय, अक्का," ते म्हणाले. "आदी जेवून घे."

दोन वर्षांनी बोललेले पहिले शब्द हे. ताट आलं. अक्काताई तिथंच, चिंचोक्यांच्या शेजारी बसून जेवल्या.  मलाही वाढलं, आणि मी खाल्लं, पण काय खाल्लं ते आठवत नाही. जेवण होताच नेमगोंडांनी सदऱ्याची बाही दंडापर्यंत सारली आणि हात बहिणीपुढं धरला, माझ्यापुढं नव्हे. अक्काताईंनी रबरी पट्टा बांधला, शीर चाचपली आणि एका टोचणीत रक्त काढलं. नंतर कापसाचा बोळा त्या जागेवर अंगठ्यानं दाबून धरून बसल्या. एक-दोन मिनिटं पुरतात, त्या पाच-सात मिनिटं तशाच बसल्या होत्या.

रक्तं प्रयोगशाळेत गेली. तीन आठवडे आम्ही कसे काढले ते विचारू नका. मी दवाखान्यात सगळ्यांच्या अंगावर जात होते. अक्काताई खालमानेनं काम करत होत्या आणि साडेपाचला डबा उघडून नुसत्या बघत बसत होत्या. कागद आला तो असा की बाळाला आजार असण्याची शक्यता फार कमी, एकीकडून बिघाड आलेला दिसतो. म्हणजे एक डाळ पांढरी, एक काळी. सुजाता तोंडाला पदर लावून रडली. मी हट्टानं पुन्हा म्हणाले की ही चाळणी आहे, खात्रीला सुई लागेल. ती नाही म्हणाली. मी चढ्या आवाजात चार गोष्टी सुनावल्या, तेव्हा अक्काताईंनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. पोरीला एकदा तरी तिच्या मनासारखं करू द्या, असं त्यांनी मला सांगितलं. उरलेले महिने मग आम्ही त्या एका कागदावर काढले. मुलगी झाली. नाळेतलं रक्त मी त्याच दिवशी पाठवलं, त्याचाही कागद तसाच आला, लेकरू सुखरूप, आईबापासारखं वाहक. मी पेढे वाटले. अक्काताईंनी पेढा हातात धरून ठेवला, तोंडात घातला नाही.

"मान धरू दे," म्हणाल्या.

त्या कोयनानगरला गेल्या त्या तिथंच राहिल्या. डबा दवाखान्यातच ठेवून गेल्या, चार दिवसांनी येतेच आहे म्हणून. रोज फोन करायच्या, मी विचारायची, त्या म्हणायच्या अजून न्हाई. तपासणीचे दोन-दोन कागद हातात असलेली, आयुष्यभर लोकांना कागदावर विश्वास ठेवायला शिकवणारी बाई, आणि रोज दुपारी नातीला पालथी घालून तिच्या मानेकडं बघत बसायची. मी चिडून म्हणाले की तुम्ही तरी असं करू नका. त्यांचं उत्तर काय, तर दोन पिढ्यांचं भ्या हाय बाई, कागदानं जाईत न्हाई. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला एका सकाळी सुजातानं व्हिडिओ पाठवला. चटईवर पालथी पडलेली पोर, थरथरत डोकं वर काढते, खाली टेकवते, पुन्हा काढते आणि मग धरूनच ठेवते. पाठीमागून अक्काताईंचा आवाज येतो, नुसता हं, हं, हं असा, ओझं उचलणाऱ्याला हात देताना करतात तसा. त्यानंतर दोन आठवड्यांतच त्या गेल्या. दमल्या होत्या हो... फोनवरच्या आवाजावरून मला कळत होतं आणि मी म्हटलं, होईल बरं.

त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. नवीन नर्स आली आहे, चांगली आहे, वेळेवर येते. सुजातानं फोनवर विचारलं की आत्यांचा डबा पाठवता का. मी म्हणाले, राहू दे इथं काही दिवस. कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता.

गेल्या आठवड्यात साडेपाचच्या सुमाराला बाहेर गाडी थांबली आणि नेमगोंडा आत आले. याच दवाखान्याची पायरी चढणार नाही म्हणालेले नेमगोंडा. बरोबर त्यांची धाकटी बहीण सुमन, तिचा नवरा, मुलगा, आणि नेमगोंडांची स्वतःची धाकटी मुलगी, सुजाताची बहीण. सुमनताईंनी आपल्या मुलासाठी भावाच्या या धाकटीला मागणी घातली होती. हक्काचीच म्हणायची. नेमगोंडा म्हणाले की सुपारी फोडायच्या आधी सगळ्यांचं रगत बघा, त्याशिवाय मी होय म्हणणार न्हाई. सुमनताईंचा चेहरा उतरलेला होता, त्यांच्या यजमानांचा तर चढलेला. आमच्यात असलं काही नाही, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. मी सवयीनं कागद पुढं ओढला आणि पेन उघडलं. सगळे गप्प झाले.

मी पेन बंद केलं, उठले आणि फळीवरून डबा काढला. गुडघे कुरकुरत असताना खाली फरशीवर बसले. तीस वर्षं बघत आले होते, पण माझ्या हातानं कधीच मांडले नव्हते. मुलापासून सुरुवात करावी म्हणून मी एक पांढरा चिंचोका उचलून मधे ठेवू लागले. नेमगोंडांनी माझा हात अडवला.

"तसं न्हाई, बाई. अक्कानं आदी सवताचा ठिवला हुता."

ते माझ्या समोर फरशीवर बसले, डब्यात बोटं घालून एक फोडलेली डाळ शोधून काढली आणि ठेवली. "ह्यो माझा." मग दुसरी शोधली, तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि आपल्या डाळीच्या शेजारी ठेवली. "ह्यो अक्काचा." तिसऱ्या जागेसाठी त्यांनी काही उचललं नाही. सुमनताई खुर्चीवरून उतरून भावाशेजारी येऊन टेकल्या. त्या दोन डाळींपुढच्या रिकाम्या फरशीकडं त्यांनी बघितलं.

"आन् माझा कंचा, बाई?" त्यांनी मला विचारलं.

ते रक्त बघितल्यावर कळेल, मी म्हणाले, आणि पट्टा बांधायला त्यांचा दंड हातात घेतला. चिंचोके मी अजून उचललेले नाहीत. झाडणाऱ्या बाईला सांगितलंय, तेवढी जागा सोडून झाड.